औषधाच्या बाटलीवरचा पहारा

डायएथिलीन ग्लायकॉल हा द्रव दिसायला पाण्यासारखा स्वच्छ, बोटाला किंचित दाट आणि जिभेला गोड लागणारा. त्याला वास नाही, रंग नाही. गाड्यांच्या ब्रेक ऑइलमध्ये आणि रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून घालायच्या द्रवात तो असतो. रंग, शाई, प्लास्टिकच्या कारखान्यांत तो पिंपांनी लागतो. पातळ औषधांत वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीनच्या शेजारी ठेवला, तर वर्षानुवर्षं औषधं बनवणारा माणूसही नुसत्या नजरेनं दोन्ही वेगळे सांगू शकणार नाही. ग्लिसरीनपेक्षा तो स्वस्त आहे, एवढाच फरक बाजाराला दिसतो. दुसरा फरक पोटात गेल्यावर कळतो. शरीरात त्याचं डायग्लायकोलिक आम्ल तयार होतं आणि ते मूत्रपिंडांत साचतं. आधी उलट्या, मग लघवी कमी, मग अजिबात बंद. पेशंट लहान मूल असेल, तर बहुतेकदा ते हाती लागत नाही.

औषध विकायला कुणाची परवानगी लागावी, ती कशाच्या आधारावर मिळावी आणि नाही म्हणण्याचा अधिकार कुणाकडे असावा, या प्रश्नांचा इतिहास या एका द्रवाच्या मागावर राहूनही सांगता येतो. तो सहसा कायद्यांच्या सनावळीतून सांगितला जातो. पण त्या कायद्यांच्या मागे विद्यापीठांतली, प्रयोगशाळांतली माणसं आहेत. त्यांनी आयुष्यभर औषधांचा अभ्यास केला आणि तो अभ्यास सरकारच्या टेबलापर्यंत नेला. काही देशांत त्या टेबलाशी त्यांना बसायला जागा मिळाली. भारतात त्यांच्याकडून अहवाल मागवले गेले. या फरकाची किंमत पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी मोजावी लागली.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. हार्वे वायली पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत असत. साखर आणि पाकातली भेसळ शोधणं हा त्यांचा विषय. १८८०च्या दशकात ते अमेरिकेच्या कृषी खात्यात मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले आणि १९०२ साली त्यांनी खात्याच्या इमारतीतच एक भोजनगृह मांडलं. बारा धडधाकट तरुण स्वखुशीनं तिथे जेवायला येत. त्यांच्या अन्नात बोरॅक्स, फॉर्मॅल्डिहाइड अशी त्या काळी सर्रास वापरली जाणारी टिकवण द्रव्यं मोजून मिसळलेली असत. कुणाला काय त्रास होतो याची नोंद ठेवली जाई. या प्रयोगाचा देशभर बोलबाला झाला आणि १९०६ साली अन्न व औषधांच्या शुद्धतेचा पहिला केंद्रीय कायदा आला.

त्या कायद्याची झेप लेबलापुरती होती. बाटलीवर लिहिलंय ते आत असलं पाहिजे, एवढंच तो बघे. आत जे आहे ते माणसाला सोसतं का, हे विक्रीआधी तपासण्याचं बंधन कुणावरच नव्हतं.

१९३७ सालच्या शरद ऋतूत ही उणीव उघडी पडली. सल्फानिलामाइड तेव्हा नवलाईचं औषध होतं. घशाच्या आणि रक्ताच्या जंतुसंसर्गावर गोळ्या आणि पुड्यांच्या रूपात ते चांगलं लागू पडत होतं. दक्षिणेकडच्या राज्यांतून ते पातळ औषध म्हणून मिळावं अशी मागणी येऊ लागली. टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावची मॅसेन्गिल ही जुनी औषध कंपनी. तिच्या मुख्य रसायनशास्त्रज्ञाला आढळलं, की ही पूड डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळते. त्यानं त्यात रासबेरीचा स्वाद घातला. कंपनीच्या प्रयोगशाळेत मिश्रणाचा रंग, वास आणि चव तपासली गेली. ते विषारी आहे का, हे पाहायला कायदा सांगत नव्हता, आणि कुणी पाहिलंही नाही. ‘एलिक्झिर’ या नावानं २४० गॅलन औषध तयार झालं, सप्टेंबरमध्ये देशभर रवाना झालं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या डॉक्टरांनी शिकागोला अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे विचारणा केली: या नव्या एलिक्झिरनंतर पेशंट दगावतायत, त्यात काय आहे? असोसिएशनच्या प्रयोगशाळेत उत्तर सापडलं. तोवर औषध किती घरांत पोचलं होतं याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. कंपनीनं विक्रेत्यांना आणि डॉक्टरांना हजाराहून अधिक तारा पाठवून माल परत मागवला होता, पण त्या तारांत कारण दिलेलं नव्हतं. औषध जिवाला धोकादायक आहे, असं स्पष्ट सांगणारी दुसरी तार सरकारी दट्ट्यानंतर गेली.

मग अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, जवळजवळ सगळी माणसं रस्त्यावर उतरली. निरीक्षक आणि रसायनशास्त्रज्ञ मिळून ती होती २३९. त्यांनी दुकानांच्या वह्या चाळल्या, औषधाच्या चिठ्ठ्यांवरची अर्धवट नावं वाचून घरं शोधली. एका बाईंनी निरीक्षकाला सांगितलं, की बाटली केव्हाच नष्ट केली. त्यानं खोदून विचारल्यावर कळलं, की त्यांनी ती खिडकीतून मागच्या गल्लीत फेकली होती. तो गल्लीत गेला. बाटली तिथेच पडलेली होती, न फुटलेली, लेबलासकट. सापडेल त्या मुलाचा जीव घेण्याइतकं औषध तिच्यात शिल्लक होतं. तीन वर्षांच्या एका मुलाचं कुटुंब औषध घेऊन डोंगराळ मुलखात राहायला गेलं होतं. त्याला शोधायला एफडीएच्या माणसाबरोबर निघालेल्या डॉक्टरानं स्वतःचं लग्न पुढे ढकललं. २४० गॅलनपैकी २३४ गॅलन आणि थोडं अधिक औषध परत मिळालं. उरलेल्या सहा गॅलनांहून कमी औषधानं शंभरावर माणसं गेली होती. त्यांत ३४ मुलं होती.

यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट कायद्याची आहे. या मृत्यूंसाठी कंपनीवर ठेवता आलेला आरोप खोट्या लेबलाचा होता. एलिक्झिर म्हणजे अल्कोहोलमधलं औषध. यात अल्कोहोल नव्हतं. लेबलावर ‘द्रावण’ असं छापलं असतं, तर एफडीएला बाटल्या जप्त करण्याचाही अधिकार उरला नसता.

शिकागो विद्यापीठात त्याच वेळी औषधशास्त्राचे प्राध्यापक युजीन गाइलिंग यांच्याकडे हे कोडं आलं. दोष सल्फाचा की ज्यात तो विरघळवला त्याचा? त्यांनी प्राण्यांचे गट पाडले आणि सल्फा, ग्लायकॉल व तयार औषध वेगवेगळं देऊन पाहिलं. उंदरांची जबाबदारी एका तेवीस वर्षांच्या विद्यार्थिनीकडे होती, फ्रान्सिस ओल्डम. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर वाढलेली ही मुलगी वर्षभरापूर्वीच शिकागोला आली होती. तिच्या अर्जाला गाइलिंग यांनी दिलेलं होकाराचं पत्र ‘मिस्टर ओल्डम’ यांच्या नावानं आलं होतं. खुलासा करावा का, असं तिनं मॅकगिल विद्यापीठातल्या आपल्या प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी सल्ला दिला, जागा स्वीकार, सहीपुढे कंसात ‘मिस’ लिही आणि निघून जा. बाईमाणसाला संशोधक म्हणून घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं, तो हा काळ.

उंदरांनी निर्णय दिला: मारणारा ग्लायकॉल होता. जून १९३८मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीनं नवा कायदा झाला. आता औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा सरकारपुढे ठेवणं कंपन्यांना भाग होतं. त्याच वर्षी ओल्डम यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे युद्धकाळात मलेरियावरच्या औषधांवर काम करताना त्यांना दिसलं, की क्विनाइनचं जे विघटन मोठ्या सशाचं यकृत सहज करतं, ते गर्भातल्या पिल्लाला जमत नाही. आईला मानवणारं औषध पोटातल्या जिवाला मानवेलच असं नाही, ही खूणगाठ तेव्हा पक्की बसली. सहकारी एलिस केल्सी यांच्याशी लग्न, दोन मुली, १९५०मध्ये वैद्यकीय पदवी, मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकासाठी निबंधांचं परीक्षण, दक्षिण डकोटात अध्यापन आणि अधूनमधून गावोगावच्या डॉक्टरांच्या जागी दवाखाना सांभाळणं, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रवास विस्कळीत वाटेल. पण प्रयोगशाळा, दवाखाना आणि संपादकाचं टेबल, औषधाचा दावा जिथे जिथे खरा किंवा खोटा ठरतो त्या सगळ्या जागी त्या बसून आल्या होत्या.

ऑगस्ट १९६०मध्ये फ्रान्सिस केल्सी वॉशिंग्टनला एफडीएत रुजू झाल्या. सप्टेंबरमध्येच त्यांच्या पुढ्यात सोपी म्हणून एक फाइल आली: युरोपात लोकप्रिय झालेलं झोपेचं औषध, थॅलिडोमाइड. नियम असा होता, की साठ दिवसांत एफडीएनं हरकत घेतली नाही तर औषधाला आपोआप वाट मोकळी. केल्सी, त्यांच्याबरोबरचे रसायनशास्त्रज्ञ आणि औषधशास्त्रज्ञ यांना कागद कच्चे वाटले. औषध शरीरात कसं शोषलं जातं याचे धड आकडे नव्हते, डॉक्टरांची प्रशस्तिपत्रं मात्र भरपूर होती. त्यांनी आणखी माहिती मागितली. साठ दिवसांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. असं वारंवार झालं. कंपनीनं सुमारे पन्नास वेळा फोन, पत्रं, भेटी करून पाठपुरावा केला, वरिष्ठांकडे तक्रारी नेल्या. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या औषधानं हातापायांच्या नसा बधिर होतात असं सांगणारं एका डॉक्टरचं पत्र केल्सींनी वाचलं आणि नवा प्रश्न केला: गरोदर बाईनं घेतलं तर?

नोव्हेंबर १९६१मध्ये जर्मनीतून उत्तर आलं. हातपाय खुरटलेली मुलं जन्माला येत होती. जगभर त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. अमेरिकेत कंपनीनं ‘चाचणी’ म्हणून डॉक्टरांना वाटलेल्या गोळ्यांमुळे अशी १७ मुलं जन्मली. औषध दुकानांत आलं असतं तर ती किती असती याचा नुसता विचार करावा. १९६२मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी केल्सींचा गौरव केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा आणखी कडक झाला. औषध सुरक्षित असून भागणार नव्हतं, ते गुणकारी असल्याचाही पुरावा द्यावा लागणार होता आणि ज्याच्यावर चाचणी करायची त्याची संमती घ्यावी लागणार होती. केल्सी नव्वदाव्या वर्षापर्यंत एफडीएत काम करत राहिल्या. २०१५मध्ये १०१ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

विद्यापीठांत पुढे या पहाऱ्याचाच अभ्यास सुरू झाला. हार्वर्डमधले राज्यशास्त्राचे प्राध्यापक डॅनियल कार्पेंटर यांनी एफडीएच्या इतिहासावर आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ २०१०मध्ये प्रसिद्ध केला. कायद्यानं दिलेल्या अधिकारांइतकीच या संस्थेची ताकद तिच्या नावलौकिकात आहे, ही त्यांची मांडणी. तिचं ‘नाही’ कंपन्या मानतात, कारण ते ‘नाही’ अभ्यासातून आलेलं असतं यावर डॉक्टरांचा, न्यायालयांचा आणि लोकांचा विश्वास बसला आहे. केल्सींच्या एका फाइलनं तो विश्वास कितीतरी पटींनी वाढवला.

आता भारताकडे यावं. इथेही अभ्यासक होता, आणि अमेरिकेच्या शोकांतिकेआधी सहा वर्षं त्यानं जे लिहायचं ते लिहून ठेवलं होतं.

१९२०च्या दशकात हिंदुस्थानात औषधांचा बाजार मोकाट होता. परदेशांतून येणाऱ्या मालावर निर्बंध नव्हते, इथल्या बनवणाऱ्यांवर नव्हते, विकणाऱ्यांवर तर नव्हतेच. मलेरियानं लाखो माणसं मरत होती आणि बाजारातल्या क्विनाइनच्या गोळीत क्विनाइन पुरेसं असेल याची खात्री नव्हती. १९२७मध्ये केंद्रीय कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, सर हारून जाफर यांनी या बाजाराला लगाम घालावा असा ठराव मांडला. सरकारनं तीन वर्षांनी समिती नेमली. अध्यक्षपदी होते कर्नल रामनाथ चोप्रा.

चोप्रा हे केंब्रिजमध्ये शिकलेले, सैन्यात डॉक्टर म्हणून काम केलेले आणि १९२१पासून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक. आयुर्वेदिक आणि देशी वनस्पतींमधले घटक वेगळे काढून त्यांचा परिणाम मोजणं हे त्यांच्या आयुष्याचं काम; भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात ते त्यामुळे. समितीनं प्रांतोप्रांती फिरून साक्षी घेतल्या आणि १९३१मध्ये अहवाल दिला. संपूर्ण देशासाठी एकच कायदा करा, केंद्रात आणि प्रांतांत तपासणीच्या प्रयोगशाळा उभारा, औषधं बनवून देणाऱ्या माणसाला शिक्षण आणि नोंदणी सक्तीची करा. आजही औषध नियंत्रणाचा आराखडा कुणी मांडायला बसला, तर याहून फार वेगळं काही लिहिणार नाही.

अहवालावर सहा वर्षं काही घडलं नाही. १९३७मध्ये, तिकडे रासबेरीच्या चवीचं औषध अमेरिकाभर फिरत होतं त्याच वर्षी, कलकत्त्यात मानकीकरणाची प्रयोगशाळा सुरू झाली. कायदा व्हायला १९४० उजाडलं आणि त्यातली औषधनिर्मितीवरची कलमं अमलात यायला १९४७. शिवाय तो चोप्रांना हवा होता तसा एकसंध राहिला नाही. आयात केंद्राकडे, उत्पादन आणि विक्रीवरची नजर प्रांतांकडे. स्वातंत्र्यानंतर प्रांतांची राज्यं झाली, विभागणी तशीच राहिली. एका राज्यानं दिलेल्या परवान्यावर बनलेलं औषध देशभर विकता येतं. ज्या राज्यातली मुलं ते पितात, त्या राज्याच्या निरीक्षकाला त्या कारखान्याच्या दारात उभं राहण्याचाही अधिकार नसतो. भारतातल्या औषध नियंत्रणातली सर्वांत मोठी फट कुठली, असं कुणी विचारलं तर उत्तर इथे आहे.

त्या फटीतून ग्लायकॉल पुन्हा पुन्हा आत आला. १९७३मध्ये मद्रासमध्ये १४ मुलं गेली. त्यानंतर मुंबई.

भायखळ्याचं सर जमशेटजी जीजीभाई, म्हणजेच जे. जे., रुग्णालय १८४५ सालचं. गरिबांसाठी उभारलेलं, एका अर्थानं पश्चिम भारतातल्या आधुनिक वैद्यकाचं माहेरघर. तिथे मेंदूची सूज उतरवण्यासाठी पेशंटला ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, तोंडानं किंवा नळीनं देण्याची रीत होती. ते शरीरातलं पाणी ओढून घेतं आणि कवटीतला दाब कमी होतो. जगभर डॉक्टर हेच करत असत. जानेवारी-फेब्रुवारी १९८६मध्ये मात्र काही पेशंटांची मूत्रपिंडं अचानक बंद पडू लागली. मूळ आजाराशी त्याचा मेळ बसेना. डॉक्टरांनी केस पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा समान धागा सापडला, तो ग्लिसरॉलचा. ते थांबवलं आणि नवे पेशंट बिघडायचे थांबले. तोवर चौदा जण दगावले होते. बाटल्यांतलं ग्लिसरॉल औद्योगिक दर्जाचं होतं आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या एकसदस्य आयोगाकडे चौकशी आली. आयोगासमोरच्या साक्षी वर्तमानपत्रांतून रोज छापून येत आणि मुंबईकर त्या वाचत. चौकशी सुरू झाली चौदा मृत्यूंपासून, पण न्यायमूर्ती तिथे थांबले नाहीत. औषध रुग्णालयात शिरलं कसं, ते कुणाकडून घेतलं, पुरवठादाराची पात्रता कुणी तपासली, माल आल्यावर नमुना का काढला नाही, एकेक दार ते उघडत गेले. १९८७मध्ये त्यांनी दिलेल्या अहवालात रुग्णालयाचा कारभार होता, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची ढिलाई होती, दोषी कंपन्यांवरची कारवाई थांबवण्यासाठी मंत्रालयातून होणारा हस्तक्षेपही होता. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं.

कायद्याचा माणूस असून लेंटिन यांनी जे केलं ते खऱ्या अर्थानं आरोग्यधोरणाचं संशोधन होतं. औषध नियंत्रण कागदावर कसं आहे आणि प्रत्यक्षात कसं चालतं, यातलं अंतर महाराष्ट्रात इतक्या बारकाईनं त्याआधी कुणी मोजलं नव्हतं. मुंबईच्याच केईएम रुग्णालयातले न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लेख लिहिला आणि तो जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचला. आपल्याच व्यवसायातल्या, आपल्याच शहरातल्या चुकांविषयी असं उघड लिहिणं सोपं नव्हतं. पुढे १९९३मध्ये मुंबईतून वैद्यकीय नीतिमत्तेला वाहिलेलं नियतकालिक निघालं, त्याचे संस्थापक संपादक पंड्याच होते.

त्याच सुमारास महाराष्ट्रात दुसरीकडूनही हा अभ्यास चालला होता. पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि सहकाऱ्यांनी अख्खा सातारा जिल्हा घेतला आणि साधे दिसणारे प्रश्न विचारले: या जिल्ह्याला खरोखर किती औषधं लागतात, सरकारी दवाखान्यांत किती येतात, डॉक्टर चिठ्ठीवर काय लिहितात आणि त्यातलं गरजेचं किती? १९९८मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक झालं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधांचा तुटवडा आणि खासगी चिठ्ठ्यांवर अनावश्यक औषधांची रेलचेल, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात आकड्यांनिशी दाखवणारं असं काम तेव्हा दुर्मीळ होतं. विद्यापीठाची खुर्ची नसताना, लोकचळवळीत राहून केलेलं हे संशोधन आहे आणि त्याची दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेली नाही.

१९९८ सालीच गुडगावमध्ये खोकल्याच्या औषधातून ग्लायकॉल पोटात गेलेल्या ३६ मुलांपैकी ३३ दगावली. शेजारच्या बांगलादेशात त्याआधी याहून मोठा अनर्थ होऊन गेला होता. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात मूत्रपिंडं निकामी झालेली मुलं येत राहिली, कारण कळत नव्हतं. डॉ. मोहम्मद हनीफ आणि सहकाऱ्यांनी १९९० ते १९९२ या तीन वर्षांतल्या ३३९ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतली २३६ मरण पावली होती. अनेकांनी तापासाठी पॅरासिटॅमॉलचं पातळ औषध घेतलं होतं. त्या औषधांच्या विक्रीवर बंदी आली आणि अशा मुलांचं प्रमाण ८४ टक्क्यांनी घसरलं. एका बालरोगतज्ज्ञानं नोंदवह्या नीट वाचल्या म्हणून हे घडलं.

भारत सरकारनं २००३मध्ये पुन्हा एक समिती नेमली. अध्यक्ष होते गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं नेतृत्व केलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. समितीचं म्हणणं होतं, केंद्रीय औषध प्राधिकरण बळकट करा, राज्यांच्या प्रयोगशाळा सुधारा, दर पन्नास कारखान्यांमागे एक आणि दर दोनशे दुकानांमागे एक औषध निरीक्षक असू द्या. चोप्रांच्या अहवालानंतर बहात्तर वर्षांनी मागण्या बऱ्याच अंशी त्याच होत्या. २००८मध्ये भेसळीच्या औषधांसाठी शिक्षा वाढवून जन्मठेपेपर्यंत नेणारी दुरुस्ती झाली. निरीक्षकांची भरती त्या वेगानं झाली नाही. शिक्षा वाढवणारं विधेयक मंजूर करायला एक अधिवेशन पुरतं. शिकलेली माणसं नेमायची, त्यांना प्रयोगशाळा द्यायची आणि त्यांच्या ‘नाही’मागे उभं राहायचं, याला दरवर्षी पैसा आणि निर्धार लागतो.

ऑक्टोबर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंबद्दल इशारा दिला. तिथली सत्तरच्या आसपास बालकं गेली होती. औषधं भारतात बनलेली होती. मग इंडोनेशिया, मग उझबेकिस्तान. काही महिन्यांत संघटनेचा आकडा तीनशेच्या पुढे गेला. जून २०२३पासून भारतानं नियम केला, की निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधाचा नमुना आधी सरकारमान्य प्रयोगशाळेत पास झाला पाहिजे. देशातल्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या बाटल्यांना अशी अट लावली गेली नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दीखोकल्याचं पातळ औषध घेतलेली मुलं आजारी पडू लागली. लघवी बंद झालेली मुलं घेऊन आईबाप जवळच्या मोठ्या शहरात, नागपूरला धावले. वीसहून अधिक मुलं दगावली, त्यांतल्या अनेकांवर नागपुरातच उपचार चालले होते. औषध तामिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात बनलेलं होतं. तामिळनाडूच्या तपासणीत त्यात डायएथिलीन ग्लायकॉलचं प्रमाण निघालं ४८.६ टक्के. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. एका राज्याचा परवाना, दुसऱ्या राज्यातली मुलं, तिसऱ्या राज्यातलं रुग्णालय.

कच्च्या मालाची आणि तयार औषधाची प्रत्येक खेप तपासण्याचं बंधन उत्पादकावर आधीपासूनच आहे, १९४०च्या कायद्याखालच्या नियमांत ते लिहिलेलं आहे. छिंदवाड्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी राज्यांना त्याच नियमांची आठवण करून दिली. आणि तपासणी फार अवघड आहे असंही नाही. सिलिकाचा पातळ थर दिलेली एक पट्टी घ्यायची, तिच्या खालच्या कडेला नमुन्याचा थेंब टेकवायचा, शेजारी शुद्ध ग्लिसरीनचा आणि डायएथिलीन ग्लायकॉलचा थेंब ठेवायचा आणि पट्टी द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढताना दोन्ही पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. रसायनाचा फवारा मारला की डाग उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेनं पातळ औषधांसाठी ही पहिली पायरी म्हणून सुचवली आहे. संशयित नमुना मग गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राकडे जातो. थर दिलेल्या पट्टीवरचा असा प्रयोग महाराष्ट्रातल्या फार्मसी महाविद्यालयांत पदवीचे विद्यार्थी प्रॅक्टिकलच्या तासाला करतात.